तिसरा महिना

डॉक्टर बोकारे कागदावर गुडघा काढतात
पहिलीतल्या पोरानं आंबा काढावा तसा.
दोन हाडं, मधे रेघ, रेघेवर फुली.
ही तुटली.
मांडीमागची एक दोरी घेऊ,
चार पदरी दुमडू,
हाडात बोगदा पाडून ओवून टाकू.

ओवणं बाबांना कळलं.
टांडापेठेत चाळीस वर्षं मागावर बसलेला माणूस.
"जुन्या ताण्याले नवा ताणा सांधतो आपण, तसंच नं?"
काटोलच्या मामांनी फोनवर संत्र्याचं कलम सांगितलं :
जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधायचा,
पंधरवडा हिरवा राहिला की जगला.

डॉक्टरांना दोन्ही पटलं नाही.
कलम पहिल्यापासून जिवंत, म्हणाले,
धागा कधीच नव्हता.
ही दोरी आधी मरते.
तिचं रक्त तुटतं, आतली वस्ती उठते,
राहतात रिकाम्या भिंती.
मग कडेकडेनं कोणी नवीन राहायला येतं.
हाड तिला धरतं, पण फार हळू.

ते हळूपण थोडं कमी करता येतं का
याचा मेडिकलमध्ये अभ्यास चालू होता.
तुमच्याच रक्तातल्या प्लेटलेट बोगद्यात सोडायच्या,
निम्म्या लोकांना. बाकीच्यांना नाही.
कोणाला काय, ते लिफाफ्यात.
मी सही केली : दामिनी हेडाऊ, वय बावीस, खो-खो.
"मंग आपल्याले काय भेटलं?"
माहीत नाही, बाबा.
"गुडघ्याले तं माहीत असंन."

आता मे. दुखणं गेलंय.
काल कठडा न धरता जिना उतरले
आणि खाली उभी राहून उगाच हसले.
शबाना मॅडमनी सायकलचा वेग बघितला,
कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून म्हणाल्या,
बरं वाटायला लागलं ना? आता भ्यायचं.
जुनं सगळं पोखरून झालंय,
नवं अजून ओलं आहे.
सगळ्यात कच्ची आहेस तू
या महिन्यात.

कोणी सांगितलं नव्हतं मला
की दुखणं राखण करत होतं.

संध्याकाळी रेशीमबागेत माती निवते.
पोरी पाणी मारतात, चुना ओढतात,
आठ जणी चौकोनांत बसतात,
एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे.
मी बाहेर, दोन विटांवर, घड्याळ घेऊन.
खांबाला वळसा घेताना जयश्रीचा पाय वळतो
आणि माझा गुडघा आत काहीतरी आवळून घेतो,
जुनी दोरी की नवी, कोण जाणे.

सातव्या मिनिटाला पल्लवी खो न मिळताच उठली.
शिट्टी.
सर ओरडले, कोणी दिला गं तुला?
ती म्हणाली, मला वाटलं, दिला.

घरी आल्यावर बाबा पायाशी बसतात,
व्रणावरून बोट फिरवतात,
कापडात गाठ राहिली का बघावं तसं.
"लिफाफा उघडला का त्यायनं?"
दिवाळीनंतर, बाबा.
"बरं," म्हणतात, आणि बोट काढत नाहीत.