उलथनं

मे महिना. धरण इतकं मागं सरकलंय
की होडीपासून पाण्यापर्यंत जायला
एक अख्खी विडी लागते, असं केरबा म्हणतो.
होडी पालथी, चार दगडांवर,
पोट आभाळाकडं.
वर्षातून दोनच महिने ती अशी दिसते
आणि मला दरवेळी
तिच्यावर काहीतरी टाकावंसं वाटतं.

केरबा म्हणतो, सगळा रंग काढा.
लाकडापर्यंत. एकदाच.
"दादा इथं होता तवा दोघं ढकलायचो, वहिनी,
मागच्या साली चौघं लागले.
होडी वाढली का? रंग वाढला."
खोटं नाही बोलत तो.

चाँदपाशा मिस्त्री बिडकीनहून आला मोटारसायकलवर.
टेकला नाही, चहा घेतला नाही,
एक पोपडा उचलून नाकाशी धरला फक्त.
"नक्को वैनी. आता लाकडानं रंग धरला नाही,
रंगानं लाकूड धरलंय.
काढाल तर फळ्या हातात येतील."
पैसे विचारले, तर म्हणाला,
काम करू नका सांगायचे काय पैसे?

वाळूजला फोन लावला. मागं कंपनीची घरघर.
"तुला जमेल तसं कर," म्हणाले.
सगळ्यालाच त्यांचं हे उत्तर.

मग घरून उलथनं आणलं,
एक कड झिजून विळ्यासारखी झालेलं,
आणि कुणाच्या नजरेत येणार नाही अशा कोपऱ्यात
भाकरीएवढी जागा खरवडली.

वर निळा. मीच दिलेला,
शाळेच्या बाकांतून उरलेला.
त्याखाली हिरवा, पाण्याच्या टाकीचा.
त्याखाली यष्टीचा लाल. सासऱ्यांचा एक भाचा डेपोत होता,
त्याचं नाव घरात काढायचं नाही.
मग काळा, पुन्हा शाळेचाच, फळ्याचा.
मग डांबर, आणि डांबरात
एक माशी, पंखासकट, अख्खी.

आमच्यात कुणी कधी
होडीसाठी म्हणून रंग विकत घेतलाच नाही,
हे मला लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर
त्या भाकरीएवढ्या खळग्यात कळलं.

डांबराखाली लाकूड.
नख लावलं. रुतलं, थोडं.
थोडं म्हणजे किती, त्याच्यावरच तर सगळं अडलंय.

सगळं खरवडायचं तर आठ दिवस,
वर अठराशेचा डबा.
तिकडं नाशिककडं पाऊस लागला
की पाणी कुणाला विचारत नाही,
रातोरात दगडांपाशी येऊन बसतं.
तवर अर्धी सोललेली राहिली
तर ना होडी, ना सरपण.

शेवटी टरबूज घेताना करते तसं केलं.
वाकले, कान लावला,
बोटाच्या पेरानं ठोकत गेले टोकापासून.
ठक.
ठक.
ठक म्हणजे राहू दे.
ठक.
भद.
तिथं खडूनं गोल.
पोरगी हसली, म्हणाली, आई डाक्टरीण झाली.
ऊन उतरेपर्यंत सव्वीस गोल झाले.
केरबा लांबूनच बोलला,
"देवी आल्यासारखी दिसायलीय."

सव्वीस ठिकाणी काढायचा, लाकडापर्यंत.
बाकीचा तसाच, त्यावर एक हात.
वजन राहील. राहू दे.
चौघं बोलावू, चौघांना चहा करू.

एक जागा मात्र मी ठोकली नाही.
मधोमध, कण्याला लागून,
जिथून मागच्या साली पाणी यायचं
आणि मी पायाचा अंगठा दाबून बसायचे,
जाळं ओढून होईपर्यंत, कुणाला न सांगता.
तिथला आवाज अंगठ्याला ठाऊक आहे.
ती उद्या.

आता उलथनं राखेनं घासायचं,
भाकऱ्या राहिल्यात अजून.
डांबराचा वास काही लगेच जायचा नाही,
पहिल्या भाकरीला लागेलच.
ती केरबाला.