गृहभेट

फत्तेगंजला दुसऱ्या मजल्यावर
चौकशी समितीच्या तीन खुर्च्या,
आणि चौथी निरुपमा शिर्केंसाठी, बिनहातांची.
रश्मीकांतभाई चार कप चहा ठेवून गेले.
आरोपीला चहा द्यावा की नाही
हे नियमावलीत नाही. मी पाहिलं.

चौदा भेटी, चौदा कागद.
घर स्वच्छ. आई बोलकी.
मुलगा मेहुल, वय नऊ, शाळेत जातो.
अक्षर असं, की वाचतच राहावं.
सातव्या भेटीत मेहुलचा पुढचा दात पडला,
नवव्या भेटीत नवा डोकावू लागला.

विश्वामित्रीकाठची ती ओळ
तिसऱ्या भेटीनंतरच्या सोमवारी पाडली.
महापालिकेचं एक यंत्र, एक सकाळ.
म्हणजे पुढे अकरा वेळा ती
नसलेल्या दाराशी चपला काढून
नसलेल्या घरात बसली,
आणि दात उगवायची वाट पाहिली.

जोशीपुराबेननी विचारलं, का?
ती म्हणाली, माझ्याकडे एकशे बारा घरं होती.
मग म्हणाली, नाही, ते कारण नव्हे.
चौथ्यांदा गेले होते मी.
सपाट जमिनीवर एक बकरी उभी होती फक्त.
परत येऊन नमुना उघडला, तर त्यात
'घर' हा शब्द आधीच छापलेला,
पुढे दोनच पर्याय : स्वच्छ, अस्वच्छ.
मी स्वच्छवर खूण केली.
तेवढं तर खरंच होतं, सर.

सर म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं.
मी चहात पाहत होतो.

ठराव माझ्या हातचा.
नोंदणी दोन वर्षं निलंबित,
सेवापुस्तकात शेरा,
निर्णय एकमतानं.
चौदाही कागदांच्या तळाला 'तपासले' आहे,
त्याखाली माझी सही, हिरव्या शाईत.
पानं उलटताना जोशीपुराबेनचा अंगठा
दर वेळी नेमका तिथंच होता.
योगायोग असेल.
बाई नखांना मेंदी लावतात, एवढं लक्षात राहिलं.

मेहुल विषयपत्रिकेत नव्हता.
तो कुठे आहे, हा प्रश्न
समितीच्या कक्षेबाहेरचा.

जिन्यात ती थांबली.
पंधरावी भेट कुणाला दिलीत?
बघू, म्हणालो.
खाली तिनं स्कूटी चालू न करता
ढकलतच नेली, कोपऱ्यापर्यंत, पुढेही.

फाइल बंद करता येत नाही, मूल सापडेपर्यंत.
पत्ता अजून तोच आहे :
पुलाखाली, डावीकडून तिसरं दार.