पासंग

अर्पितनं विचारलं, काकू, दुकानाचं नाव?
म्हटलं, नाव असं काही नाही.
बर्तन बाजारातून आत वळलं की
उजव्या हाताला, नळाच्या पुढे,
तराजूवाले.
सियागंजातला कुठलाही हमाल आणून सोडेल.
तो म्हणाला, हमालांना माहीतच आहे.
जे इंदूरला कधी आलेच नाहीत
त्यांच्यासाठी असते वेबसाइट.

मग वडके लिही.
वडके व्हीनं की डब्ल्यूनं?
अण्णा पावतीवर डब्ल्यू काढायचे,
मांडी घालून बसल्यासारखा ऐसपैस.
माझ्या शाळेच्या दाखल्यावर व्ही.
विजेच्या बिलावर तर बी.
व्हीवाले वडके नागपूरच्या कुणीतरी
आधीच घेऊन ठेवलेले, केटरिंग करतात म्हणे.
म्हणून डब्ल्यू.
जाऊन एकोणीस वर्षं झाल्यावर
अण्णांचं स्पेलिंग बरोबर निघालं.

पुढे एक रिकामा चौकोन आला: आमच्याविषयी.
आत एक काडी उघडझाप करत उभी,
उत्तर येईपर्यंत छडी हलवणाऱ्या मास्तरांसारखी.
काय लिहू?
आम्ही तांबट, भांडी ठोकता ठोकता
वजनांकडे वळलो, हे?
की वर्षाला छाप मारायला साहेब यायचा
त्याला अण्णा नुसता चहा द्यायचे;
बिस्किट ठेवलं की त्या चहाची
लाच होते म्हणायचे, हे?
की सराफ्यातले दोन सख्खे भाऊ
आईचं सोनं वाटायला आमचा काटा घेऊन गेले
आणि परत आणून दिला तो वेगवेगळ्या दिवशी,
एकानं काटा, एकानं वजनं?
काटा बरोबर होता.

काकू, चार ओळी बस. लोक वाचत नाहीत.

लिहिलं: तराजू, काटे, वजनं. जुनी दुरुस्त होतात.
धडा करून मिळेल.
ते पुसलं.
पासंग काढून मिळेल.
पासंग मतलब?
मी भिंतीवरचा रिकामा तराजू उचलून धरला.
हे बघ. दोन्हीकडे काही नाही,
तरी एका बाजूला झुकतोय ना?
ते.

फोटोसाठी मोठा पितळी काटा काढला.
सकाळीच चिंचेनं घासलेला,
अर्पितचा चेहरा दिसत होता त्यात, जरा रुंद.
फोटो आला तर डावं पारडं अर्धं बोट खाली.
हो जाएगा, म्हणाला तो,
आणि काचेवर नुसता अंगठा फिरवला,
पारडी एका रेषेत.

अण्णांना मी कधी घाबरले नाही.
त्या अंगठ्याला घाबरले.

पुस ते, म्हटलं.
पारडं उतरवलं. खाली, साखळीच्या कडीपाशी
चिंचेचा कोळ वाळून बसलेला, गुंजभर असेल नसेल.
माझ्याच हातचा, सकाळचा.
नखानं काढला, धुतलं, पुसलं, टांगलं,
पंखा बंद केला.
काटा डावीकडे गेला, उजवीकडे गेला,
त्याला घाई नव्हती.
बावीस वर्षांचा पोरगा फोन धरून
श्वास रोखून उभा. घाम आला त्याला.
मग थांबला काटा.
आता काढ.

वेळ अकरा ते सात, मंगळवारी बंद,
असं लिहून घेतलं मुद्दाम.
तरी रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं,
कुलूप मी लावलंय खरं,
पण ते कुठेतरी उघडंच आहे,
दिवा चालू, गल्ल्यावर कोणी नाही.

तीन दिवस काही नाही.
चौथ्या दिवशी साडेअकराला फोन थरथरला.
वेबसाइटवरून चौकशी आली होती:
दुकान चालू है क्या?

वर पाहिलं.
समोर टांगलेल्या प्लास्टिकच्या बादल्यांमधून
मोइझभाई मान बाहेर काढून
हात करत होते.

चश्मा शोधला.
सावकाश टाइप केलं: जी, चालू है.
पहिलं गिऱ्हाईक.
त्याला रस्त्यापलीकडून ओरडून कसं सांगायचं?