रकाना

मार्केट यार्डातल्या आमच्या गाळ्याचं शटर
सकाळी सातला वर जातं
तेव्हा आधी वास येतो गुळाचा, शेजारचा,
मग बारदानाचा, मग उंदराच्या औषधाचा.
धान्यपेढी म्हणतात आम्हाला.
पेढी म्हटलं की माणसं गुजरीतलं सोनं आठवतात.
आमच्याकडं तांदूळ, तूरडाळ,
कोपरे दबलेले बिस्किटांचे पुडे,
आणि कुणाच्या लग्नात पाहुणे कमी आले
म्हणून न फोडलेले तेलाचे डबे.

मी वजन करते आणि लिहिते.
अकरा वर्षं.

चौतीस संस्था आहेत आमच्या यादीत.
संस्था म्हणजे
सीपीआरच्या मागं बोळात दोन चुली आणि मुमताज शिकलगार,
पेशंटजवळ बसलेल्यांना रात्री आमटी-भात.
संस्था म्हणजे शिरोळकडची फडावरची शाळा,
जिचा पत्ता दर महिन्याला
मी खोडून नवा लिहिते.
संस्था म्हणजे आजऱ्यात फिलोमिना बारदेस्कर
आणि त्यांच्याकडचे म्हातारे.

पोतं पोचवणं सोपं.
मुमताजला डाळ दिली, तर कुकरची रिंग गेलेली;
लक्ष्मीपुरीत तीन दुकानं पालथी घातली.
शाळेला तांदूळ दिला, तर ठेवायला छप्पर नाही;
पत्र्याच्या कोठ्या केल्या, कड्यांच्या,
बैलगाडीला बांधता येतील अशा.
पुड्यावरची तारीख कुठं असते, कशी वाचायची,
आधी आलेलं आधी शिजवायचं,
हे मी प्रत्येक स्वयंपाकघरात
भिंतीवर खडूनं लिहून आलेय.
माझं अक्षर जिल्हाभर पुसट होत असतं.

आजऱ्याचा फॉर्म दर महिन्याला सांगतो: एकतीस.
आणि सव्वीस तारखेला फोन,
"पुढच्या महिन्याचं जरा लवकर पाठवाल?"
खोत सर म्हणाले, कुणीतरी विकतंय.
जाऊन बघा.

रावसोच्या टेम्पोत पुढं बसून गेले,
गारगोटीमार्गे, मांडीवर रजिस्टर.
पंगतीत मोजली ताटं.
छत्तीस.
फिलोमिनाबाई डाव धरून उभ्या.
"नावं आहेत त्यांना, कागद नाहीत.
फॉर्मात लिहिलं की तुम्ही आधार मागता."
मागच्या दाराशी एक म्हातारी
चौकट धरून उभ्यानं आमटी पीत होती.
बसा की, म्हटलं.
"बसले तर इथलीच होईन," म्हणाली,
वाटी स्वतः धुतली, पालथी घातली,
गेली.

परत येताना रावसो काही बोलला नाही.
तोही तिथं जेवला होता. मीही.
म्हणजे अडतीस.

दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन
रजिस्टरात एक उभी रेघ मारली.
वर लिहिलं: येऊन-जाऊन.
नाव नको, आधार नको, फक्त आकडा.
खोत सर चष्मा काढून म्हणाले,
ऑडिटला काय सांगू?
मी म्हटलं, बघू.
खरंच ठाऊक नव्हतं.

महिनाभरात फॉर्म आले चौतीस जागांहून.
तीन. सात. बारा.
शाळेनं लिहिलं, कुत्री धरून की सोडून?
मुमताजनं रकाना कोरा ठेवला,
खाली बारीक अक्षरात:
विचारत नाही, वाढते.

बेरीज केली तर
साडेचार क्विंटल कमी पडतात.
आधीही पडतच होते,
फक्त कुठं लिहिलेले नव्हते.
तेवढं कुणीतरी आपल्या ताटातून
गुपचूप काढत होतं.

आता नऊ वाजलेत.
समोर गुळाचे सौदे सुरू,
माणसं ढेपांवर वाकलेली.
मी अडत्याच्या पायरीशी उभी आहे,
सौदा संपायची वाट बघत,
रजिस्टर काखेत,
त्या पानात बोट घालून.