दोन्ही भाषांत शाबूत

प्रज्योत, आधी जॅकवरून उतरू दे गाडी.
चाकं जमिनीला टेकल्याशिवाय
तिच्या वजनाबद्दल बोलू नये माणसानं.

तू म्हणालास, मामा, वळणात अंग टाकूलालीय,
कणकुंबीच्या पुढं, चोर्ल्याच्या तिसऱ्या वळणाला
स्टिअरिंग आधी फिरतं, गाडी नंतर विचार करते.
खरं आहे. काल रात्री मीही बघितलं चालवून
जांबोटीपर्यंत.
नाक उजवीकडे गेलं आणि पाठ आली मागनं
उशिरा निरोप मिळालेल्या पाहुण्यासारखी.

पंचवीस वर्षांची झेन.
पत्र्यानं पत्रा धरलाय नुसत्या ठिपक्यांनी,
आणि ठिपके दमलेत.
दस्तगीरनं मोजलं दोन्ही स्ट्रटांच्या माथ्यांमधलं अंतर:
जमिनीवर एक, जॅकवर दुसरं,
फरक दीड मिलिमीटर.
एवढ्यातच मावतो तुझा सगळा वैताग.

तर आडवी दांडी देतो मी, माथ्यापासून माथ्यापर्यंत.
स्प्रिंगचे दोन वेढे मात्र कापणार नाही.
बसकी गाडी देखणी दिसते, कबूल,
पण खानापूर रोडच्या खड्ड्यात चाक लोंबलं
की कापलेली स्प्रिंग सुटते आपल्या वाटीतून
आणि परत कशी बसेल ते तिचं तिलाच ठाऊक.

आतला नळ्यांचा पिंजराही नको.
शर्यतीत डोक्यावर हेल्मेट असतं, अंगावर पाच पट्टे.
तू जाणार आईला घेऊन नंदगडच्या बाजाराला,
तिच्या अंबाड्यापासून चार बोटांवर लोखंड,
आणि तू म्हणणार, सेफ्टीसाठी बसवलंय.

आणि पुढच्या पेट्यांना पट्टी मारा म्हणालास, घट्ट, फुल वेल्ड.
इकडे ये, वाक, हात लाव.
ही खाच कंपनीनं मुद्दाम ठेवलीय.
पहिल्यांदा हिनं दुमडायचं,
तुझ्या गुडघ्यांच्या आधी.

माझे वडील बिडाच्या भट्टीवर होते, इथंच, उद्यमबागेत.
म्हणायचे, बीड वाकत नाही म्हणून त्याला मान देऊ नका,
ते फुटायची वाट बघत असतं.
मी हसायचो. मला वेल्डिंग येत होतं.

एकदा एका जीपला मी पुढनं चॅनल मारला.
यल्लोजी कंग्राळकर, हत्तरगीकडचा माणूस,
म्हणाला, काही झालं तर गाडी हलता कामा नये.
नाही हलली.
गळीत हंगाम, रात्रीची वेळ,
उसाच्या दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, पोतं नाही, काही नाही.
पंचनाम्यात लिहिलं होतं: वाहन शाबूत.
हवालदारानं कन्नडमध्ये वाचलं,
माझं तोंड बघून मराठीत सांगितलं.
दोन्ही भाषांत शाबूत.
यल्लोजीचं मात्र स्टिअरिंगपाशीच
कुठल्या भाषेत काही उरलं नव्हतं.

जाऊ दे.

दांडी बोल्टनं बसवलीय, वेल्ड नाही.
उद्या नको वाटली तर दहा मिनिटांत निघेल.
सकाळी मी परत फिरवून आणली, खोटं कशाला बोलू,
तिसऱ्या गेटच्या वळणावर हसू आलं मला.
सांगायच्या आधी वळली, बघ की, इतकी शहाणी झाली.

आणि तिथंच पाय आपोआप खाली गेला माझा.
पन्नाशी उलटलेला पाय.
पकड जेवढी वाढते, तेवढाच वेग वाढवतो माणूस;
हे अंतर मोजायला
दस्तगीरच्या व्हर्नियरचा जबडा तेवढा उघडत नाही.

पैसे सोमवारी दे.
आधी घाट उतरून चढून ये, पण एकटा नको,
डाव्या सीटवर आईला बसव
आणि तिच्या मांडीवर बाजाराची पिशवी.
तिसऱ्या वळणाला रस्त्याकडे बघ,
पण कान पिशवीकडे ठेव.
कांदे कुठल्या बाजूला घरंगळले,
आई काय म्हणाली,
की काहीच म्हणाली नाही आणि दाराची मूठ धरली,

ते येऊन सांग.
मग ठरवू, आणखी किती आवळायचं.