खुडूक

अंधारातच ने शेवंते, उजेडात बावरते ते.
पाय नको बांधू, काखेत धर,
डोळ्यावर पदर टाकला का गप राह्यते.

टोपल्यात नऊ अंडे हायेत, कोंड्यावर.
अकरा मावले असते, पण एका बाजूचा पंख
मुंगसानं नेला तिचा.
बुडाशी चुलीतली राख पसर, पिसवा होत नाईत.
आठव्या रात्री टॉर्च लावून पाह्यजो,
लाल शिरा दिसल्या त ठेवजो,
नुसतं पिवळं दिसलं त काढून घे.
पोराले नको सांगू कोणतं काढलं.

खुराडं पऱ्हाटीचं नको करू. मी केलं होतं.
बोटभर भोकाची जाळी मार,
उन्हाळ्यात वर भिजला बारदाना,
पाणी मातीच्या परळात, दोनदा बदलून.

अन् मानमोडीचा थेंब, पिल्लाच्या डोळ्यात,
सातव्या दिवशी.
दवाखान्यातून बर्फात घालून आणजो, कटाळा नको करू.
बावीस होत्या माह्या.
सकाळी आंगण झाडाले निघाली मी, अन्...
जाऊ दे.
हे बाभळीवर झोपली होती, म्हणून हाय.

संध्याकाळी मोजत जाय.
आकड्यानं मोज, नाव नको ठेवू.

तीन दिवस डालीखालीच दाणा-पाणी दे,
नाई त उठून माह्याच दारात येईन.
आली त धावत नको येऊ मांगं.
अंडे थंड होतीन, मले मालूम हाय.
चार दाणे ज्वारीचे टाकीन फक्त,
मंग लगेच
आणून देईन.