रिकामा काटा

माझे वडील पंचवटीच्या मार्केट यार्डात मापाडी होते.
पहिल्या गोणीला ते 'एक' म्हणत नसत,
'लाभ' म्हणत;
पुढे दोन, तीन, चार, घसा बसेपर्यंत.
पण त्याही आधी
समोरच्याला रिकामा काटा दाखवायचे,
बोट न लावता.
पारडी आपसूक थांबेपर्यंत दोघंही उभे.
"काहीच नाही, ते आधी मोजावं," म्हणायचे, "मग माल."

अंबडला, रात्रपाळीत,
आम्ही त्याला ब्लँक म्हणतो.

फेब्रुवारी. दिंडोरीची, पिंपळगावची द्राक्षं
नंबर होऊन येतात,
गावाचं नाव दाराबाहेर ठेवून.
लगदा, मीठ, सॉल्व्हंट, सेंट्रिफ्यूजची गरगर,
वर जे नितळ उरतं ते गाळून इवल्या बाटलीत.
शोधायचं ते किलोमागे
एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग.
हंगामभर केसांना मण्यांचा वास.

पगारेंचा उत्कर्ष नवा आहे, ओझरहून बाइकवर येतो.
म्हणाला, मॅडम, हे वजन करतं म्हणजे
रेणू ठेवतं कशावर?
म्हटलं, ठेवत नाही. पळवतं.
सुईच्या टोकाशी चार हजार व्होल्ट,
थेंबाचं धुकं होतं,
गरम नायट्रोजनात थेंब आटत जातो
आणि आतला भार दाटत, दाटत
थेंबालाच फोडतो.
मग चार दांड्यांमधली चिंचोळी वाट.
वीज अशी हेलकावते तिथे
की ठरल्या वस्तुमानालाच पलीकडे जाता येतं;
जास्त जड, जास्त हलके
वाटेतच भरकटतात.
आणि ज्यांच्यावर भारच नाही ते?
ते पंप ओढून नेतो.
वळवता येत नाहीत, म्हणून दिसत नाहीत.
असतात पण.
आमच्या थोरल्या आत्यासारखं, तो म्हणाला.
मी काही बोलले नाही.
पंप घरघरत होता.

एक वाजता ब्लँकमध्ये शिखर उगवलं.
एकशे ब्याण्णव.
रिकाम्यात!
सॉल्व्हंट बदललं, कॉलम धुतला, सुई धुतली,
नवी बाटली घेतली, नवं झाकण.
नव्या झाकणासरशी ते वाढलं.
उत्कर्ष जांभई देत म्हणाला,
सगळ्यांतच आहे ना, मग सगळ्यांतून वजा करू.

कडता.
गोणीमागे किलोभर, न विचारता.
ह्या एका शब्दावरून वडिलांनी
यार्डातली दोन दुकानं सोडली,
आणि आईने त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला.

मी एकशे ब्याण्णव तेवढं धरलं
आणि आरगॉनवर आदळलं.
एकशे एकोणीस. एक्क्याण्णव.
फुटायच्याही जागा ठरलेल्या असतात ज्याच्या त्याच्या,
त्यावरूनच ओळख पटते.
लायब्ररीने नाव पुढे केलं,
आणि मी माझ्या मनगटाकडे बघितलं.

मागच्या नाल्यावरून डास येतात.
संध्याकाळी डबा खाताना मी मलम लावलं होतं,
डास पळवायचं, पार कोपरापर्यंत.
हातमोजे नंतर घातले.
मोज्यांच्या आधी
झाकणांची पिशवी उघडली होती.

चौदा बाटल्या फेकल्या.
नोंदवहीत कारणाच्या रकान्यात
'दूषित झाकणे' लिहिलं,
मग खोडलं, एकाच रेघेनं, खालचं वाचता येईल असं,
शेजारी सही, तारीख, वेळ,
आणि लिहिलं: विश्लेषकाचा हात.
उत्कर्ष हे सगळं बघत होता.
त्याने न सांगता स्वतःचेही हात धुतले,
दोनदा.

चार वाजता पुन्हा ब्लँक.
रेघ निघाली, जरा थरथरली,
आडवी पडून राहिली.
आम्ही दोघं स्क्रीनसमोर उभे,
कशालाही बोट न लावता.

मग पहिला नमुना आत गेला
आणि माझ्या तोंडून निघालं, लाभ.
काय मॅडम?
एक, म्हटलं. एक म्हणाले.